एकच सावली दोनदा

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली तिन्ही डिजिटल पोर्ट्रेट्स काल रात्री मोठी करून पाहिली. म्हाताऱ्याचं सगळ्यांत आवडलं. त्याचे डोळे असे की आपणच नजर चोरावी. पण खरं मत मागितलंस म्हणून सांगतो: तू एकच सावली दोनदा काढतोस. गालाखाली आधी दाट हॅचिंग, म्हणजे शेजारी-शेजारी मारलेल्या रेघांची सावली; मग त्याच जागी मल्टिप्लाय लेअरवर, म्हणजे खालचं सगळं गडद करणाऱ्या थरावर, मऊ करडा ब्रश. दोन्ही एकावर एक चढले आणि गाल काजळी फासल्यासारखा झाला. (रागावू नकोस. माझ्या जुन्या फायली उघडल्यास तर तोंड लपवायची पाळी माझ्यावर येईल.)

मुळात हॅचिंग आलं ते दुसरं साधन नव्हतं म्हणून. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर १५१३-१४च्या सुमारास तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरत होता, तेव्हा त्याच्या हातात काळी शाई तेवढी होती. करडी छटा काढायची तर रेघा दाट-विरळ करूनच. पुढे अमेरिकी कॉमिक्स स्वस्त कागदावर छापली जायची, तिथे कित्येक वर्षं निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे प्रत्येकी ०, २५, ५० आणि १०० टक्के एवढेच टप्पे मिळत. हिशेब केलास तर ६४ रंग, तेही सपाट. सावलीचं काम शाईवाल्यानं, म्हणजे काळ्या रेघा काढणाऱ्यानं, आधीच उरकलेलं असे. रंगवाल्यानं त्यात लुडबूड करायची नाही. आपल्याला लाखो रंग फुकट मिळाले, म्हणून आपण सगळीकडे लुडबूड करतो.

आता रेघांबद्दल. तुझ्या सगळ्या रेघा एकाच तिरक्या दिशेनं जातात; चेहऱ्यासमोर पाऊस पडतोय असं वाटतं. मुंगी गालाच्या हाडावरून जबड्याकडे उतरली तर कशी वळत जाईल? रेघेनं तसं वळावं. सुरुवात अंधारात जाड, उजेडाकडे जाताना निमुळती होत विरून जाणारी. त्यासाठी पेनाचा दाब फक्त जाडीला जोड, अपॅसिटीला, म्हणजे शाईच्या गडदपणाला, नको. शाई अर्धी पारदर्शक झाली की तिचा कणाच जातो. मनगट वळत नसेल तर कॅनव्हास फिरव. क्रॉस-हॅचिंग, म्हणजे रेघांवरून आडव्या रेघांचा दुसरा थर, काटकोनात करू नकोस, त्याची खिडकीची जाळी होते. तो थर जरा अरुंद कोनात टाक. आणि ४०० टक्के झूम करून रेघा मारायची सवय सोड. तिथे सुंदर दिसणाऱ्या बारीक रेघा खऱ्या आकारात एकमेकींत मिसळून डाग होतात. नाकाखाली, हनुवटीखाली तर रेघा हव्यात कशाला? सरळ काळं भर.

रंगात तुझी अडचण एकच आहे: त्वचेचा एक रंग घेतोस आणि सावलीसाठी त्यातच काळा मिसळतोस. स्वतःचा चेहरा आरशात बघ. नाक, गाल, कान लालसर, कारण तिथे रक्त कातडीच्या जवळ असतं. कपाळ त्या मानानं पिवळट. दाढी करणाऱ्याचा जबडा निळसर करडा. हे तीन पट्टे सपाट रंगात हलकेच मांडलेस तरी चेहऱ्यात जीव येतो. सावली हवीच असेल तर फिकट जांभळ्या किंवा मळक्या लाल रंगात, कडक कडेची, आणि रेघा नाहीत तिथेच.

आणखी एक क्लृप्ती. रेघांच्या लेअरचे पारदर्शक पिक्सेल लॉक कर, म्हणजे रंग फक्त काढलेल्या रेघांवरच चढेल, आणि चेहऱ्याच्या आतलं हॅचिंग गडद तपकिरी करून टाक. बाहेरची कड काळीच राहू दे. मला हे फार उशिरा कळलं.

म्हाताऱ्याची फाईल अजून असेलच. तो मल्टिप्लाय लेअर बंद कर, बाकी कशालाही हात लावू नकोस, आणि तसंच चित्र मला पाठव. माझी पैज आहे, दाढीपाशी सोडून कुठेच तुला तो परत लावावासा वाटणार नाही.

तुझाच,
जुना बाकमित्र