होळी रस्त्यावर नको, भेगा नुकत्याच भरल्या आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या ज्या वसाहतींनी या थंडीत आपल्या डांबरी रस्त्यांच्या भेगा भरून घेतल्या, त्यांच्या समित्यांसाठी हे पत्र. ठेकेदार गेला, बिल चुकते झाले की काम संपले असे आपण धरून चालतो. त्या काळ्या रेघा टिकणार की उखडणार, हे मात्र आतापासून पहिल्या पावसापर्यंत ठरते, आणि पहिला घाव बहुधा होळीच घालते.

भर चौकात थेट डांबरावर होळी रचली की खालचे डांबर जळते, खडी सुटी होते आणि भेगेतले रबरी डांबर पातळ होऊन वाहते. ओतताना हे मिश्रण साधारण 180 ते 195 अंशांवर तापवतात. त्याच्या फार वर गेले की त्यातले रबर करपते. मग गार झाल्यावर ते ताणले जात नाही, तुटते. निखाऱ्यांखालची उष्णता याच्या कितीतरी पुढची. तेव्हा होळी मैदानात पेटवावी. जागाच नसेल तर आधी सहा इंच मातीचा थर, त्यावर विटा, मग गोवऱ्या-लाकडे, आणि भरलेली भेग दोन-तीन मीटर दूर ठेवून.

ज्यांचे काम अजून व्हायचे आहे त्यांनी पहिल्या दिवसाचे पथ्य पाळावे. गरम ओतलेले मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात वाहने सोसते. थंड इमल्शन (पाण्यात मिसळलेले पातळ डांबर) वापरले असेल तर किमान चोवीस तास दोरी बांधून ठेवावी. आपल्याकडे रात्री रस्ते यंत्राने झाडले जातात, त्याचे कौतुक आहेच. पण त्या यंत्राचे तारेचे ब्रश ताज्या इमल्शनची अख्खी पट्टी ओढून नेतात. त्या रात्री तेवढी गल्ली वगळायला सांगावे.

दुसरी कसोटी मे महिन्याची. हवा 42 अंश असते तेव्हा दुपारी डांबराचा पृष्ठभाग साठीच्या पुढे जातो. रस्त्याला वापरतात त्या व्हीजी-30 डांबराचा मृदुकरण बिंदू, म्हणजे ते मऊ पडते ते तापमान, भारतीय मानकाप्रमाणे किमान 47 अंश, तर भेगांच्या रबरी मिश्रणाचा एएसटीएम डी 6690 या अमेरिकी मानकाप्रमाणे किमान 80 अंश. म्हणजे कोणी स्वस्तात साधे डांबर ओतून गेला असेल तर ते मे महिन्यात टायरला, चपलेला चिकटून घराघरांत पोचणार. बिल चुकते करण्याआधी मिश्रणाच्या खोक्यावरचा मानक क्रमांक वाचावा. मालही मोजता येतो: भेग कापून केलेली 12 मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल खाच, वर 50 मिलिमीटर रुंद व 2 मिलिमीटर जाड पट्टी, अशा शंभर मीटर भेगेला सुमारे 27 किलो मिश्रण लागते. दहा किलोत शंभर मीटर झाले म्हणणाऱ्याने वरवर काळे फासले आहे.

चांगले मिश्रणही भर उन्हात थोडे चिकटते. त्यावर कोरडी, बारीक दगडाची भुकटी पातळ भुरभुरावी, माती नको. दुचाकीचा साइड स्टँड पट्टीवर टेकवू नये. त्याचे टोक दुपारभरात आत रुतते, संध्याकाळी गाडी उचलताना बोटाएवढे भोक मागे राहते, आणि जूनमध्ये पाणी तिथूनच आत शिरते. फरशीचा तुकडा खाली ठेवला की झाले. पेट्रोल-डिझेल सांडले तर लगेच लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. डाग काढायला रॉकेल ओतणारे महाभाग असतात. रॉकेलमध्ये डांबरच विरघळते.

आता माळव्याच्या काळ्या मातीबद्दल, कारण भरलेली भेग पुन्हा उघडण्याचे मोठे कारण तीच. थंडीने आखडून पडलेली आडवी भेग डिसेंबर-जानेवारीत सर्वांत रुंद असते आणि उन्हाळ्यात मिटते. कडेला समांतर धावणारी भेग नेमकी उलटी: खालची माती सुकून आक्रसते, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये रुंदावते. त्यामुळे थंडीत भरलेल्या आडव्या भेगेतले मिश्रण मेमध्ये थोडे वर फुगते, यात घाबरण्यासारखे काही नाही, ते खरवडून काढू नये. कडेची भेग मात्र तेव्हाच ताणली जाते आणि तुटते. शेजारी मोठे झाड असेल तर माती आणखी सुकते. चार हातांवर कूलरचे पाणी मुरत असेल तर तिथली फुगते, आणि रस्ता दोहोंच्या ओढाताणीत सापडतो. कूलरचे पाणी नळीने गटारात सोडावे. डांबराच्या कडेची मातीची पट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल तर छाटावी, नाहीतर पाणी कडेलाच साचते.

मेअखेरीस सकाळच्या गारव्यात सगळ्या रेघा पायी फिरून बघाव्यात. मिश्रण भेगेच्या एका बाजूच्या भिंतीपासून सुटले असेल, सुरीचे पाते सहज आत जात असेल, तर भरताना भेगेत धूळ किंवा ओल होती. मधोमध फाटले असेल तर खाच अरुंद होती किंवा माल करपवला होता. दोन्हीकडे वरून नवा थर देऊन उपयोग नाही. सुटलेले काढायचे, कॉम्प्रेसरने धूळ उडवायची, गरम हवेने भिंती कोरड्या करायच्या आणि लगेच, त्या गरम असतानाच, भरायचे. रेघ नुसतीच पाच-सहा मिलिमीटर खाली बसली असेल तर साफ करून वर भर घालणे पुरते. पहिल्या सरीनंतर तासाभराने बघितले तर निदान आणखी सोपे होते: रस्ता वाळतो, पण गळक्या पट्टीच्या कडेने ओली गडद रेघ उरते.

मगरीच्या पाठीसारखी चिरफळलेली जागा भेग भरून सुधारत नाही. तिथे खालचा थर गेलेला असतो, खणून ठिगळच हवे.

काही समित्यांना रस्ता एकसारखा काळा दिसावा म्हणून लगेच वर कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा नवा थर, हवे असते. ताज्या भरलेल्या भेगांवर 140-150 अंशांची डांबर-खडी पसरून रोलर फिरवला की भेगेतले मिश्रण फुगते आणि रेघेरेघेवर उंचवटा येतो. निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर थांबावे.

आणि गणपतीच्या मांडवाच्या पहारी डांबरात ठोकू नयेत. वाळू भरलेल्या ड्रममध्ये बांबू उभे राहतात. ठोकल्याच असतील तर विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी भोके कोरडी करून, इमल्शनचा हात फिरवून, डांबर-खडीच्या मिश्रणाने ठासून भरावीत. नुसती वाळू किंवा सिमेंट नको.

आपला,
रस्ते-देखभालीच्या कामातला एक वाचक
सुदामानगर, इंदूर