कल्पकतेला कामाच्या वेळेतच वाव हवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०१७ मध्ये ठराव करून २१ एप्रिल हा दिवस सर्जनशीलता आणि नवनिर्मिती यांसाठी राखून ठेवला. त्या निमित्ताने होणारी चर्चा मी आवर्जून वाचते. तिच्यात चित्रकार, संगीतकार, संशोधक आणि उद्योजक यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु हिशेबाच्या वह्या लिहिणारा, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी, यंत्रावर पाळी करणारा, घर सांभाळणारी अशी माणसे तिच्यात अभावानेच आढळतात. आढळलीच तर त्यांना एखादा छंद जोपासण्याचा सल्ला दिला जातो, म्हणजे कामाच्या वेळेत त्यांनी डोके बाजूला ठेवावे आणि सुटी झाल्यावर ते वापरावे, असेच जणू गृहीत धरलेले असते. हे मला मनापासून खटकते. सामान्य माणसाची कल्पकता मुख्यतः त्याच्या रोजच्या कामातच असते, तिची सर्वांत जास्त गरज तिथेच असते आणि ती सर्वांत जास्त दडपली जाते तीही तिथेच, असे माझे मत आहे. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये आपल्या व्यावसायिक संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना, सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे शास्त्राचे किती दुर्लक्ष झाले आहे, हे स्पष्टपणे सांगितले होते. त्यानंतर संशोधन वाढले, तरी प्रदीर्घ काळ त्याचा भर नामवंतांवर राहिला. रूथ रिचर्ड्स आणि डेनिस किनी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या मोजमापाने हा रोख बदलण्याचा प्रयत्न केला. त्यांनी सर्वसाधारण माणसांच्या नोकरीधंद्यातील आणि फावल्या वेळातील, अशा दोन्हीकडच्या कल्पकतेची नोंद घेतली. पुढे २००९ मध्ये जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेगेटो यांनी सर्जनशीलतेच्या चार पायऱ्या सांगितल्या. इतिहासात नोंद होणारी प्रतिभा ही त्यांतली सर्वांत वरची, आणि एखादी गोष्ट शिकताना माणसाला स्वतःपुरता जो नवा अर्थ सापडतो ती सर्वांत खालची. रोजच्या व्यवहारातली कल्पकता आणि व्यवसायातील निपुणांची कल्पकता या दोन पायऱ्या मधल्या. आपल्याकडच्या काव्यशास्त्रातही मम्मटाने काव्याचे कारण सांगताना एकट्या जन्मजात शक्तीवर भिस्त ठेवलेली नाही. लोकव्यवहाराच्या निरीक्षणातून येणारी निपुणता आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास या दोन्हींना त्याने शक्तीच्या शेजारीच बसवले आहे. ‘ते देवाघरचे देणे आहे, आपल्याला कुठले जमायला’ असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

मी स्वतः जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगते. माझ्या वडिलांची दृष्टी उतारवयात अधू झाली. त्यांच्या गोळ्यांच्या बाटल्या एकाच आकाराच्या होत्या. आम्ही घरच्यांनी त्यांच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या, पण काही काळाने ती अक्षरेही त्यांना दिसेनाशी झाली. प्रत्येक गोळी दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागते, याचा त्यांना फार जाच वाटे. त्यांच्या शुश्रूषेसाठी येणाऱ्या बाईंनी एक दिवस घरातली रबरबँडे गोळा केली आणि सकाळच्या बाटलीला एक, दुपारच्या बाटलीला दोन, रात्रीच्या बाटलीला तीन अशी ती घट्ट गुंडाळली. अंगठा फिरवला की कोणती बाटली ते वडिलांना कळू लागले. त्यातही गोळी घेतली की नाही, याचा विसर पडण्याची अडचण उरलीच होती. मग बाईंनी त्यात आणखी एक भर घातली: गोळी घेतल्यावर झाकण घट्ट लावून ती बाटली आडवी ठेवायची, आणि दिवसातली शेवटची गोळी घेऊन झाली की साऱ्या बाटल्या पुन्हा उभ्या करून झोपायचे. हात लावताच पूर्ण दिवसाचा हिशेब समजे. औषधाचे प्रमाण, वेळा, डॉक्टरांची सूचना यांतले काहीही बाईंनी बदलले नाही. वाचण्याचे काम तेवढे त्यांनी डोळ्यांकडून काढून बोटांकडे दिले. वडिलांना त्यातून जो स्वाभिमान परत मिळाला, तो आमच्या मोठ्या अक्षरांनी कधीच मिळवून दिला नसता.

बाईंना हे कसे सुचले, याचा विचार करताना मला कार्ल डुंकर यांच्या प्रयोगाची आठवण होते. १९४५ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माणसांना मेणबत्ती, काड्या आणि पेटीभर पिना देऊन मेणबत्ती दाराला किंवा भिंतीला लागून उभी करण्यास सांगितले जाते. उत्तर सोपे आहे: पेटी रिकामी करायची, ती पिनांनी दाराला ठोकायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. तरीही अनेकांना ते सापडत नाही, कारण पेटी त्यांना पिना ठेवण्याची जागा म्हणूनच दिसत असते. तीच पेटी रिकामी करून पुढे ठेवली की उत्तर कितीतरी अधिक जणांना सुचते. वस्तूचा एक उपयोग डोक्यात पक्का बसला की दुसरा उपयोग दिसेनासा होतो, हे डुंकर यांनी दाखवून दिले. तॅम्सिन जर्मन आणि मार्गारेट डेफायटर यांनी २००० मध्ये याच धर्तीच्या कोड्यात मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांना या अडथळ्याचा त्रास झाला नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांत मात्र तो दिसून आला. इतक्या लहान वयात ही बांधणी सुरू होत असेल, तर मोठेपणी ती सोडवण्यासाठी मुद्दाम प्रयत्न करावे लागणार, हे उघड आहे.

हे प्रयत्न कुठून सुरू होतात? माझ्या समजुतीप्रमाणे, एका कामातली पद्धत दुसऱ्या कामाकडे नेण्याच्या सवयीतून. बेट्टी नेस्मिथ ग्रॅहॅम या अमेरिकेतील एका बँकेत सचिव म्हणून काम करत होत्या. नव्या विद्युत टंकयंत्रांच्या फितीने उमटलेली चूक खोडरबराने नीट निघत नसे आणि एका अक्षरापायी सगळे पान पुन्हा टंकित करावे लागे. बँकेच्या खिडक्यांवर सजावट करणारे रंगारी चुकलेली जागा न खोडता तिच्यावर पुन्हा रंग देतात, हे त्यांनी पाहिले. तेव्हा त्यांनी कागदाशी मिळताजुळता पांढरा रंग एका लहान बाटलीत भरला आणि बारीक कुंचल्याने चुकीच्या अक्षरावर तो लावायला सुरुवात केली. सहकारी मागू लागल्या, आणि १९५६ मध्ये त्यांनी तो विकायला सुरुवात केली. १९७९ मध्ये त्यांची कंपनी एका बड्या उद्योगाने विकत घेतली, हा या कथेचा प्रसिद्ध भाग. मला मात्र तिचा आधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. कंपनी उभी राहिली नसती, तरी त्या टेबलावरचे काम सोपे झालेच असते आणि ती कल्पकता तेवढीच खरी ठरली असती.

आता दडपणुकीविषयी. एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात माझी एक सहकारी होती. कपाटात ओळीने लावलेल्या फायलींच्या पाठींवर तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरपी रेघ ओढली. फाईल चुकीच्या जागी गेली की रेघ तुटलेली दिसे आणि दारातूनच चूक लक्षात येई. क्रमांक वाचत कपाट तपासण्याचा खटाटोप वाचला. वरिष्ठांनी पाहिले आणि विचारले, ‘‘हा आगाऊपणा कोणी सांगितला होता?’’ त्या फायलींना नवी वेष्टणे घालण्यात आली आणि रेघ गेली. त्या दिवसानंतर तिने त्या कक्षात काहीही सुचवले नाही. सांगितले तेवढे काम ती चोख करत राहिली. असे प्रसंग घराघरांत, वर्गावर्गांत आणि कार्यालयांत रोज घडतात, आणि त्यांचे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. माणसे पाट्या टाकतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी, त्यांच्या हातातून पाटीखेरीज सगळे कोणी काढून घेतले, हेही एकदा तपासावे.

यावर सहसा सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्पर्धा आणि बक्षिसे. या उपायाबद्दल मला गंभीर शंका आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेली बालवर्गातील मुले निवडली होती. काहींना, चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल, असे आधी सांगितले. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले, तेव्हा बक्षिसाच्या कबुलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ रंगांशी रमली. अचानक मिळालेल्या प्रमाणपत्राने मात्र आवड कमी झाली नाही. म्हणजे कौतुक अपायकारक नाही. आधीच ठरलेल्या मोबदल्यासाठी काम करायला लावणे अपायकारक आहे. ‘सर्वांनी एकत्र बसून कल्पना सुचवा’ या दुसऱ्या लाडक्या उपायाचेही तसेच आहे. मायकल डील आणि वोल्फगँग स्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवले की, तेवढीच माणसे एकेकटी विचार करून आपल्या कल्पना नंतर एकत्र करतात तेव्हा त्या संख्येने अधिक निघतात, कारण बैठकीत एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि सुचलेले तिथेच अडते.

दोन आक्षेपांचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. प्रत्येक नियम मोडून पाहणे म्हणजे कल्पकता, असे कोणी समजू नये. औषधाची मात्रा, यंत्राचे संरक्षक आवरण, विमान उड्डाणापूर्वीची तपासणी सूची यांत परस्पर फेरफार करणे हा गुन्ह्याइतकाच घातक अविचार आहे. अशा ठिकाणी सुचलेले सांगण्याची सोय असावी आणि बदल पडताळणीनंतरच व्हावा. दुसरे असे की, साधनांच्या टंचाईतून मार्ग काढणाऱ्यांची वाहवा करताना, ती टंचाई दूर करण्याची ज्यांची जबाबदारी आहे त्यांना आयती सबब मिळता कामा नये. तुटक्या अवजारावर दोरी बांधून काम भागवणाऱ्याचे कौतुक जरूर व्हावे, आणि त्याला नवे अवजारही मिळावे.

या सगळ्याने माणसाला लाभ काय होतो, असेही विचारले जाते. न्यूझीलंडमध्ये टॅमलिन कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५८ तरुणांना १३ दिवस रोजची टिपणे लिहायला सांगितली होती. लेखन, विणकाम, चित्रकला, नवे पदार्थ करून पाहणे अशा साध्या गोष्टींत ज्या दिवशी मन अधिक रमले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना अधिक उत्साही वाटले, असा निष्कर्ष निघाला. एका अभ्यासावर फार भार टाकू नये, हे मान्य. परंतु आपण केलेल्या लहानशा बदलाने एखादे काम सुकर झाले की दुसऱ्या दिवशी त्याच कामाकडे जाताना पाय ओढत नाहीत, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. आपल्या वृत्तपत्रात आठवड्यातून एकदा एक छोटे सदर सुरू करावे आणि त्यात वाचकांनी रोजच्या कामातले असे बदल लिहून पाठवावेत. अडचण काय होती, हाताशी काय होते, काय बदलले आणि आधी काय फसले, एवढेच त्यात असावे. शक्यतो वाचकांनी स्वतःपेक्षा दुसऱ्या कोणाच्या कल्पकतेविषयी लिहावे, कारण ज्यांना खरोखर सुचते ती माणसे बहुधा लिहायला बसत नाहीत. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांची संमती घेतली जावी. या सदराला बक्षीस, क्रमांक किंवा वाचकांची मते यांपैकी काहीही जोडू नये. त्यामागचे कारण वर आलेच आहे. मजकूर लहान असल्याने पानाची फारशी जागाही अडणार नाही. या सूचनेचा आपण विचार करावा.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक