शंभरी सगळ्यांना आठवते, साठावी पुण्यतिथी कुणालाच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं दिनविशेष मी रोज वाचतो, म्हणजे आधी राशीभविष्य आणि मग दिनविशेष असा क्रम आहे, खोटं कशाला बोलू. त्या सदराबद्दलच लिहायचंय. तक्रार थोडी आहे, मागणी मोठी आहे, जागा नसेल तर तक्रार कापा पण मागणी ठेवा.

जयंत्या तुम्ही छापता, पुण्यतिथ्या छापता, शताब्दी असली की पुरवणी पण निघते. २०१९ ला तर चंगळच होती, २५ जुलैला बाबूजी म्हणजे सुधीर फडके, १ ऑक्टोबरला गदिमा, ८ नोव्हेंबरला पुलं, तिघंही १९१९ चे, वर्षभर कुठे ना कुठे कार्यक्रम चालूच होते. त्याला माझा काही आक्षेप नाही, मजाच आली. पण लेखकाच्या शंभरीने वाचकाच्या हातात नेमकं काय पडतं? भाषणं आणि फोटो. हातात काही पडायचं असेल तर ते लेखक जाऊन साठ वर्षं झाली की पडतं, कारण आपल्याकडच्या कायद्याने तेव्हा त्याच्या लिखाणावरचा कॉपीराइट संपतो. मग ते पुस्तक कुणीही छापावं, टाइप करून नेटवर टाकावं, नाटक बसवावं, ऑडिओ करावा, कुणाला विचारायला नको, कुणाला पैसे द्यायला नकोत. इतका मोठा दिवस आणि त्याची एक ओळ कुठल्या पेपरात येत नाही!

हिशोब सोपा आहे. लेखक ज्या साली गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. म्हणजे पुण्यतिथी जूनमध्ये असो की नोव्हेंबरात, सुटका ३१ डिसेंबरच्या रात्री. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यांचं सगळं लिखाण १ जानेवारी २०११ पासून मोकळं. श्यामची आई आज इतक्या वेगवेगळ्या प्रकाशकांची, इतक्या वेगवेगळ्या कव्हरांची मिळते ना, त्याचं कारण हे. मर्ढेकर २० मार्च १९५६ ला गेले, १ जानेवारी २०१७ पासून मोकळे. चिमणरावांचे चिं. वि. जोशी २१ नोव्हेंबर १९६३ ला गेले, ते २०२४ उजाडताना मोकळे झाले, आणि त्या दिवशी पहिल्या पानावर थर्टी फर्स्टच्या गर्दीचे फोटो होते. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ ला गेले, म्हणजे साठ वर्षं २०२६ मध्ये होतात आणि १ जानेवारी २०२७ पासून त्यांच्या कविता, नाटकं, निबंध कुणालाही छापता येतील. त्यांच्यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक भरपूर आहेत, निदान आता मूळ पुस्तक वाचून वाद घाला असं तरी म्हणता येईल.

ही साठ वर्षं आली कुठून ते पण गमतीशीर आहे. १९५७ च्या कायद्यात ५० वर्षंच होती. रवींद्रनाथ टागोर ७ ऑगस्ट १९४१ ला गेले होते, त्यांचे हक्क त्यांच्याच विश्वभारती विद्यापीठाकडे, आणि ते १९९१ संपताना सुटणार होते. ते सुटू नयेत म्हणून सरकारने ऐन शेवटच्या आठवड्यात वटहुकूम काढला आणि १९९२ ला कायदाच बदलून ५० चे ६० केले. एका बंगाली कवीसाठी केलेला बदल, पण लागू सगळ्यांना झाला, त्यात आपले वामन मल्हार जोशी (गेले १९४३), साने गुरुजी वगैरे मंडळी पण दहा दहा वर्षं जास्त अडकली. महर्षी वि. रा. शिंदे यांचं तर बघा, ते २ जानेवारी १९४४ ला गेले, दोन दिवस आधी गेले असते तर एक वर्ष आधी मोकळे झाले असते. पण माधव जूलियन १९३९ ला गेलेले, ते जुन्या पन्नासच्या हिशोबाने १९९० लाच सुटले होते, त्यांना हा बदल लागलाच नाही.

लेखक हयात नसताना पहिल्यांदा छापलं गेलेलं पुस्तक असेल तर मात्र मृत्यूपासून नाही, छापल्यापासून मोजायचं. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण बहिणाबाई. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, १९५२ ला गाणी पुस्तकात आणली, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. म्हणजे त्या पुस्तकातली गाणी २०१३ पासून सगळ्यांची झाली, पण अत्रे १३ जून १९६९ ला गेले म्हणून प्रस्तावना अजून अडकलेली, ती १ जानेवारी २०३० ला सुटणार. एकाच पुस्तकाच्या पहिल्या पानांना कुलूप आणि पुढची पानं उघडी! बाबासाहेबांचं पण तसंच, ते ६ डिसेंबर १९५६ ला गेले म्हणून हयातीत छापलेलं लिखाण २०१७ पासून मोकळं, पण बुद्ध आणि धम्मावरचं त्यांचं मूळ इंग्रजी पुस्तक १९५७ ला आलं म्हणून ते एक वर्ष उशिरा, २०१८ पासून. भाषांतराचे हक्क परत वेगळे, ते भाषांतर करणाऱ्याच्या वयावर, म्हणजे मृत्यूवर. डोकं चालवावं लागतं थोडं, पण पेपरवाल्यांना एवढं जमायला हरकत नाही.

आता हे मी का सांगतोय, तर मी आमच्या एका छोट्या वाचनालयाच्या कमिटीवर आहे. जयंती आली की शाळेतली पोरं येतात, भाषण करायचं असतं. "काका, माहिती द्या ना." आम्ही पुस्तक काढून देतो, ते चाळतात आणि ठेवतात, त्यांना पुस्तक नको असतं, माहिती हवी असते. मग तिथेच उभं राहून मोबाईलवरून उतरवतात, थोर साहित्यिक, बहुआयामी व्यक्तिमत्त्व, साहित्यविश्वात अढळ स्थान, आणि खरं सांगू का, हा मजकूर कुणाच्याही नावाखाली चालतो. मी एकदा एका मुलीच्या वहीत बघितलं, केशवसुतांच्या भाषणात एकही ओळ केशवसुतांची नव्हती. मुलीला काय बोलणार, दिनविशेषात पण नसतेच.

आणि भीती किती असते ते ऐका. एका शाळेच्या स्मरणिकेत केशवसुतांची कविता घ्यायची होती, तर वरून निरोप आला की आधी परवानगीचं पत्र आणा, नंतर कोर्टाची भानगड नको. अहो केशवसुत ७ नोव्हेंबर १९०५ ला हुबळीला प्लेगने गेले, परवानगी आणायची कुणाकडून? शेवटी कविता गाळली आणि त्या जागी कुणाच्या तरी मनोगताचा फोटो मोठा केला. हे तुमच्या पेपराने एकदा नीट छापलं असतं की अमुक अमुक लेखक आता सगळ्यांचे आहेत, तर ते कात्रणच दाखवलं असतं मी.

केशवसुतांवरून आठवलं, तारखांचं काय करायचं ते पण एकदा ठरवा. त्यांची जयंती कुठे ७ ऑक्टोबर १८६६ छापतात, कुठे १५ मार्च १८६६. बाळशास्त्री जांभेकरांची तर अजून मजा, दर्पणचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, म्हणून तो पत्रकार दिन, ते बरोबरच आहे, पण तीच तारीख त्यांची जयंती म्हणूनही फिरते आणि दुसरीकडे २० फेब्रुवारी छापून येते. पत्रकारांच्या पूर्वजाचीच तारीख पत्रकारांना एक करता येऊ नये, हसावं की रडावं. दोन तारखा असतील तर दोन्ही छापा आणि वाद आहे म्हणून सांगा ना सरळ, वाचक काही लगेच पेपर बंद करत नाही.

एकाच दिवशी दोघं आले की एकाचा बळी जातो हे पण होतं. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. १ ऑगस्ट २०२० ला एकाची पुण्यतिथीची शंभरी आणि दुसऱ्याची जन्मशताब्दी एकाच दिवशी आली, आणि नेमका कोरोना. कुठल्या पेपरात कुणाला किती कॉलम मिळाले यावरून तो पेपर कुणाचा ते कळत होतं, मी नावं घेत नाही. पण माझा मुद्दा परत वेगळाच आहे, टिळक कधीचेच मोकळे आहेत, गीतारहस्य कुणीही छापतो. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले, अत्र्यांनंतर महिन्याभराने, म्हणजे दोघंही १ जानेवारी २०३० ला एकत्र सुटणार. फकिरा तेव्हा हव्या त्या स्वस्तात, हव्या त्या आकारात गावोगाव जाऊ शकेल. शताब्दीच्या बॅनरपेक्षा मला तरी ती तारीख मोठी वाटते, आणि तयारीला अजून वेळ आहे, बघा.

मग जे अजून सुटायचेत त्यांचं काय, असं विचाराल. नारायण सुर्वे घ्या. १५ ऑक्टोबर १९२६ ही जन्मतारीख सगळीकडे छापतात, पण ते मुंबईत गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांना सापडलेलं तान्हं मूल, त्या मुलाची जन्मतारीख कुणी कुठून आणली असेल याचा विचार करा जरा. आडनाव त्या कामगाराने दिलं, ज्याने त्या मुलासाठी शाळेच्या रजिस्टरातले रकाने भरण्याची जबाबदारी घेतली, आणि पुढे त्याच मुलाने मास्तरांना, बापाच्या नावाच्या जागी तुमचंच नाव लिहा, म्हणणाऱ्या बाईची कविता लिहिली, ती कविता मला पाठ आहे, पण इथे छापा म्हणत नाही कारण सुर्वे २०१० ला गेले, म्हणजे हक्क २०७० संपेपर्यंत. २०२६ ला त्यांची शंभर वर्षं पूर्ण होतात आणि त्याच दिवशी कलामांची जयंती म्हणून राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो. मला ठाऊक आहे काय होणार, शाळाशाळांत कलामांचा फोटो लागणार आणि सुर्व्यांना दिनविशेषात दीड ओळ. वाचन प्रेरणा दिनाला सुर्व्यांचीच एक कविता वाचली तर कलामसाहेबांना वाईट वाटेल का हो? अशा वेळी प्रकाशकाला, घरच्यांना एक पत्र टाका, पेपरने मागितलं तर एका दिवसासाठी एका कवितेला कोण नाही म्हणतंय. आणि परीक्षण किंवा टीका लिहिताना चार ओळी उद्धृत करायला कायद्याने तशीही मुभा आहे, मग विशेषणांनी जागा का भरता?

तर मागणी अशी. दरवर्षी १ जानेवारीच्या अंकात एक चौकट द्या, या वर्षी कोणते मराठी लेखक कॉपीराइटमधून सुटले. नाव, कधी गेले, महत्त्वाची पुस्तकं, बस. त्याच्या आदल्या रात्री लोक जागे असतातच, सकाळी उशिरा उठून वाचतील. दुसरं, जे मोकळे झालेत त्यांच्या जयंतीला किंवा पुण्यतिथीला माहितीऐवजी त्यांचंच लिखाण छापा, एक उतारा, पाव पान. २१ नोव्हेंबरला चिमणराव आणि गुंड्याभाऊ छापलेत तर त्या दिवशी राशीभविष्याच्या आधी मी ते वाचेन, आणि आमच्या वाचनालयात त्या पुस्तकाची जी प्रत आहे, शिवण सुटलेली, मधली काही पानं दोऱ्याने बांधलेली, ती मागायला कुणीतरी येईल. तुम्हाला खर्च शून्य, मानधन नाही, परवानगी नाही, फक्त टाइप करायला एक माणूस लागेल, आणि मराठी विकिस्रोतावर, म्हणजे मोकळी झालेली पुस्तकं फुकट वाचायला ठेवणाऱ्या वेबसाइटवर, बरंच आयतं टाइप केलेलं आहे, तेवढं मूळ पुस्तकाशी ताडून घ्या म्हणजे झालं, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिथेही आहेत.

कळावे,
तुमचा एक जुना वाचक

ता. क. विजय तेंडुलकर ६ जानेवारी १९२८ चे. त्यांचं शताब्दी वर्ष ६ जानेवारी २०२७ ला सुरू होईल, आणि तो पत्रकार दिन, म्हणजे सत्कार समारंभांच्या बातम्यांनी पान भरलेलं असणार. तेंडुलकर स्वतः वर्तमानपत्रांत नोकरी केलेले होते, तेव्हा त्यांची जागा आत्ताच राखून ठेवा.