पुढून घातलेला एक स्क्रू

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"मागून दोन्ही मणके एकदाचे जखडूनच टाकायचे होते, धोका कशाला पत्करलास?" असे बाबांनी परवा, धाकट्याच्या मानेत मागून जखडण्याऐवजी पुढून स्क्रू घालू दिल्याबद्दल, फोनवर विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. प्रश्न रास्त आहे, आणि संमतिपत्रावर सही माझी असल्यामुळे उत्तरही मीच द्यायला हवे.

धाकट्याच्या मानेतल्या दुसऱ्या मणक्याचा खुंट बुडाशी मोडला होता. आई, आपल्या जात्याची वरची तळी मधल्या खुंटाभोवती फिरते ना, तसा मानेचा पहिला, कड्यासारखा मणका या खुंटाभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे जेवढी वळते, त्यातले जवळजवळ निम्मे वळणे या एकाच सांध्यातले. अँडरसन आणि डी'अलोन्झो यांच्या १९७४ सालच्या वर्गवारीत ही मोड दुसऱ्या प्रकारात येते, आणि नुसत्या मानेच्या पट्ट्यावर न सांधण्यासाठी हाच प्रकार कुप्रसिद्ध आहे. सुटा खुंट सरकला तर मागे लगेच मज्जारज्जू, म्हणून शस्त्रक्रिया टाळण्याजोगी नव्हती.

मागून जखडणे वाईट, असे मी म्हणत नाही. पहिल्या दोन मणक्यांत स्क्रू घालून ते जोडण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती आपल्या मुंबईच्या केईएममधून डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली मांडली, आणि २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी तिच्यात फेरफार केले. पण त्यात खुंटाभोवतीचे फिरणे कायमचे जाते. टेम्पो मागे घेताना धाकटा आरशावर विश्वास न ठेवता मान पार मागे वळवून बघतो, हे बाबा, तुम्हीच त्याला शिकवले आहे.

पुढून स्क्रू घालण्याची पद्धत ऑस्ट्रियातील बोहलर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. ती प्रत्येकाला लागू पडत नाही. खुंटाला मागून धरणारा आडवा बंध एमआरआयमध्ये शाबूत दिसला, मोडीची रेघ पुढून वर आणि मागे खाली अशी उतरती होती, त्यामुळे स्क्रू तिला आडवा जाऊन दोन्ही तुकडे एकमेकांवर आवळू शकत होता, आणि हाड तरुण व मोड ताजी होती. म्हणून मी होकार दिला. बाबा, हेच तुमच्या बाबतीत घडले असते तर मी बहुधा मागून जखडायलाच सांगितले असते, कारण उतारवयात हाड ठिसूळ असते आणि पुढच्या शस्त्रक्रियेनंतर गिळायला फार त्रास होतो.

छेद कंठमण्याच्या थोडा खाली आहे, दोन बोटांएवढा. एक्स-रेमध्ये खुंट समोरून दिसावा म्हणून बेशुद्धीत त्याचे तोंड गॉजची गुंडाळी लावून उघडे ठेवले होते. त्यामुळे ओठांचे कोपरे सोलले आहेत, आणि त्याची सगळी तक्रार सध्या मानेपेक्षा ओठांचीच आहे.

स्क्रू फक्त धरून ठेवतो, जुळायचे काम हाडाचे. ते जुळले नाही तर मागून जखडण्याचा मार्ग मोकळाच आहे. सहा आठवडे कॉलर आहे. आई, जेवताना त्याला अवघडल्यासारखे होते म्हणून ती सैल करून देऊ नकोस. तीन महिन्यांनी सीटी स्कॅन होईल. तोवर टेम्पोची किल्ली बाबांनी स्वतःजवळच ठेवावी.

तुमची लेक