आजोच्या छातीवरची फीत

ती. आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

बाबा, आजोचं चित्र चवथीआधी 'नवं करून' घ्यायला माणूस बघितलाय म्हणालात. थोडं थांबा. फोनवर मी उगाच चिडले, म्हणून लिहिते.

मे महिन्यात काढलेले त्या चित्राचे फोटो परवा मोठे करून बघत बसले होते. तुम्ही कायम सांगता, हे भरतीच्या वेळचं चित्र. 1942 साल, पोर्तुगीज राज्यातून पत्रादेवीची हद्द ओलांडून आजो बेळगावला मराठा पलटणीत गेला, वय 19. चेहरा त्याच वयाचा आहे, मिसरूडही धड फुटलेलं नाही. पण खिशाच्या वर बघा. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. ही 'इटली स्टार'ची फीत, आणि ते पदक निघालं 1945 साली! म्हणजे म्हापशाच्या पेंटरने जुना फोटो पुढ्यात ठेवून चित्र काढलं ते आजो लढाईवरून परतल्यावर. फीत त्यानेच सांगून घालून घेतली असणार, दुसरं कोण सांगणार?

मग चेहरा का नाही बदलून घेतला? इटली म्हटलं की 'थंडी नि चिखल' एवढंच बोलून तो सुपारी कातरायला लागायचा. त्याच्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तिथे पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. वय 22. आजो त्यांना ओळखत होता की नाही, तेही आपण कधी विचारलं नाही.

तुमचा माणूस वरून रंग मारणार आणि पहिली ती फीतच जाणार. आताच हिरवा पट्टा काळा दिसतो. आई, रागावू नकोस, पण ओल्या फडक्याने पुसून वर खोबरेलाचा हात फिरवतेस ना, त्या तेलावर समईची काजळी चिकटते. त्यात चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, मागून बुरशी.

सध्या फक्त खाली उतरवा. माजघरात पाटावर उभं ठेवा, भिंतीपासून थोडं सुटं. ऊन दाखवू नका, पुसूही नका. जुनी तैलचित्रं साफ करणाऱ्या एक बाई इथे पुण्यात आहेत, चवथ झाली की मी घेऊन येईन.

आणि बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत तो मूळ फोटो सापडतो का बघा. शिडीवर मात्र स्वतः चढू नका, शेजारच्या पोराला चढवा.

तुमची,
बाय