काउंटर ११२ वरच

सोन्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकायच्या म्हणून बसले होते पण लांबतच चाललंय, तेव्हा आता हे पत्रच समज. अभ्यासातून उठशील तेव्हा वाच, पण वाच, नुसता अंगठा टाकून मोकळा होऊ नकोस.

भाऊबीजेला ताईने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तू म्हणालास, "ताई, ओवाळणी... जीपे करतो... संध्याकाळी." एवढं एक वाक्य आणि त्यात दोनदा थांबलास. ताईला वाटलं नेटवर्क. मला नाही वाटलं. तुझा श्वास मी तुझ्या जन्मापासून ऐकतेय, पलीकडच्या खोलीतून दम्याची शिट्टी वाजायला लागली तरी झोपेतून उठून बसायचे. खांदे पण वर उचलत होतास, कॅमेऱ्यात फक्त तोंड दिसेल असा मोबाइल धरला होतास तरी दिसलं मला.

दुसरी गोष्ट, आणि ही मी गणपतीपासून पोटात ठेवलीय. तू आला होतास तेव्हा कपडे धुवायला काढताना तुझ्या सॅकमधे अस्थालिनचे, म्हणजे दम लागला की ओढायचे ते निळे, दोन रिकामे पंप सापडले, तिसरा अर्धा झालेला. आणि जूनमधे जाताना घेऊन दिलेला फोराकॉर्ट, रोज घ्यायचा तो दुसरा पंप, एकशेवीस डोसचा, त्याच्या मागच्या काउंटरवर आकडा होता ११२. सकाळी दोन रात्री दोन घ्यायचा होता, म्हणजे दोन दिवस घेतलास आणि ठेवून दिलास. मी मास्तरीण आहे, हिशोब मला येतो. एका अस्थालिनमधे दोनशे पफ, अडीच पंप म्हणजे पाचशे, तीन महिन्यांत. रोजचे पाच-सहा. डॉक्टर म्हणतात वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप लागले की समजायचं दमा ताब्यात नाही, तू तीन महिन्यांतच तिथे पोचलास की रे. घरात पाहुणे होते, आत्या होती, म्हणून मी तेव्हा गप्प बसले, पंप परत सॅकमधे ठेवले आणि वर टॉवेल टाकला.

टॉवेल टाकला बघ. त्याच्याबद्दलच लिहायचंय खरं तर.

तुला आठवतं का, मामाच्या लग्नात, तू सात-आठ वर्षांचा असशील, हळदीच्या धुरळ्यात आणि बँडवाल्यांच्या फटाक्यात तुला धाप लागली. मी तुला हाताला धरून कार्यालयाच्या मागे जनरेटरजवळ नेलं, पदराआड केलं आणि पंप दिला. डिझेलच्या धुरात! का, तर लोक बघतील. पोराला दमा आहे म्हणतील, उद्या पोरगी कोण देणार म्हणतील, सात वर्षांच्या पोराला! शाळेतसुद्धा मी "त्याला जरा सर्दीचा त्रास आहे" असंच सांगायचे, दमा हा शब्द तोंडातून निघायचा नाही, बालदमा म्हणायचे, म्हणजे मोठा झाला की जाईल असं आपलं वाटायचं. तू आता लायब्ररीतून उठून जिन्यात जाऊन पंप घेतोस असं तुझा रूममेट मागे बोलता बोलता बोलून गेला, तेव्हा मला तो जनरेटरच आठवला. लपवायला मीच शिकवलं तुला. तुला रागवायचा माझा हक्क तिथेच अर्धा झाला, उरलेल्या अर्ध्यात लिहितेय.

आणि पंप बंद करायचं पण आधी मीच केलंय. तू तिसरीत होतास, बुडेकॉर्ट, तेव्हाचा रोजचा पंप, चालू होता, चार महिने खोकला नाही काही नाही, मैदानावर पळत होतास. मग कोणीतरी म्हणालं पंपाची सवय लागते, स्टेरॉइड आहे, वाढ खुंटते, पंप म्हणजे शेवटचा उपाय. मला पण पोरगा बरा दिसत होता, केला बंद, डॉक्टरांना न विचारता. दोन महिने काही झालं नाही, मला वाटलं किती शहाणी मी. मग ऊसतोड सुरू झाली, आपल्या मागच्या शेतात पाचट पेटवलं, अंगणात काळी राख पडली, आणि त्या रात्री तुझ्या बरगड्यांच्या मधे खळगे पडायला लागले. चार दिवस अ‍ॅडमिट, ऑक्सिजन, हातात सुई. तिथल्या डॉक्टरांनी मला रागावलं नाही, कागदावर लिहून दाखवलं. पंपातून रोज जातं ते मायक्रोग्रॅममधे, दोनशे मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग, आणि ते थेट फुफ्फुसात. आणि अ‍ॅटॅक आला की गोळ्या-इंजेक्शनातून द्यावं लागतं ते मिलिग्रॅममधे, ते सगळ्या अंगभर फिरतं. म्हणजे स्टेरॉइड नको म्हणून मी जे बंद केलं त्यापायी त्याच्या कितीतरी पट स्टेरॉइड चार दिवसांत तुझ्या अंगात गेलं. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

त्याच्या पुढच्या जूनला आपण मृगाला हैदराबादला पण गेलो होतो, माशाच्या औषधाला. तू रांगेत रडत होतास, जिवंत मासा, तोंडात पिवळं काहीतरी भरलेला, तो गिळायचा, आणि पप्पा म्हणत होते डोळे मीट आणि घे. हसू येतं आता. पण येताना रेल्वेत खिडकीशी तुला परत शिट्टी लागली आणि पप्पांनी काही न बोलता बॅगेतून पंप काढला, तेव्हापासून आपल्या घरात ती चर्चा संपली.

हे सगळं तुला माहीतच आहे म्हणशील, मग बंद का केलंस? बरं वाटलं म्हणून ना? सूज असते रे आत, नळीच्या आतल्या बाजूला, ती दिसत नाही दुखत नाही. निळा पंप नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, पाच मिनिटांत मोकळं वाटतं, चार-सहा तास टिकतं, पण सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवणारा तो दुसरा, ज्याचा काउंटर ११२ वर अडकलाय, आणि त्याचा गुण तुला कळतच नाही कारण तो घेतल्यावर काहीच होत नाही. काही न होणं हाच त्याचा गुण.

आता मशीनचं. तू पप्पांना विचारलंस म्हणे की नेब्युलायझर, औषधाचं धुकं करणारं मशीन, घेऊ का, ऑनलाइन मिळतंय, पीजीत ठेवतो. पप्पा लगेच हो म्हणाले, त्यांना मशीन म्हणलं की औषध जास्त पॉवरफुल वाटतं, आवाज येतो, धूर निघतो. मी नको म्हणतेय. आजीला मशीन आहे ते वेगळ्यासाठी. आजीची फुफ्फुसं चुलीपुढे गेली, चाळीस वर्षं, ओली लाकडं आणि फुंकणी. तिचे हात थरथरतात, पंप दाबायचा आणि त्याच वेळी आत ओढायचा हे तिला जमत नाही, दहा सेकंद श्वास धरून ठेवणं तर नाहीच. मशीनला तिला काही करावं लागत नाही, मास्क लावायचा, माळ ओढत बसायचं, दहा मिनिटांत ड्युओलिनचं औषध संपतं. शिवाय रोज ती कपची वाटी, मास्क, नळीचं टोक मी धुऊन पसरून वाळवते, महिन्याकाठी फिल्टर बघते, ओलं तसंच ठेवलं तर त्यात जंतू वाढतात आणि ते सरळ छातीत. तू चहाचा कप तीन दिवस धुवत नाहीस!

आणि तुला ती लोडशेडिंगची रात्र आठवत नसेल, तू पाच वर्षांचा होतास. तेव्हा आपल्याकडे तुझ्यासाठी भाड्याने आणलेलं मशीन होतं आणि रात्री दहाला लाइट गेली. मशीन टेबलावर, औषध भरलेलं, आणि तू गुडघ्यावर हात टेकून वाकून बसलेला. पप्पांनी गाडीवर घालून गावातल्या डॉक्टरांच्या घरी नेलं. त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली, अर्ध्या लिटरची, तार तापवून बुडाला भोक पाडलं, बरोब्बर पंपाच्या तोंडाच्या मापाचं, पंप त्यात घट्ट बसवला आणि बाटलीचं तोंड तुझ्या तोंडात दिलं. एक पफ, पाच-सहा श्वास, परत एक पफ. त्या बाटलीत पांढरं धुकं दिसायचं आणि तू ते प्यायचास. पंधरा-वीस मिनिटांत तू म्हणालास "भूक लागली". डॉक्टर मला म्हणाले, स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या अशाच पोकळ नळकांड्यातून, नीट घेतलेला पंप साध्या अ‍ॅटॅकला मशीनपेक्षा कमी नसतो, आणि त्याला एमएसईबीची गरज नाही. दुसऱ्या दिवशी खरा स्पेसर आणला तरी तू महिनाभर जादूची बाटलीच मागायचास.

तो स्पेसर तू इथेच ठेवून गेलास, लहान मुलांचा वाटतो म्हणून. नुसता पंप तोंडात मारला की बरंचसं औषध घशाला चिकटतं, माझ्यासमोर घेतोस तेव्हा बघते ना मी, आधी दाबतोस मग ओढतोस, ते पण घाईघाईत, जसं काही चोरून घेतोय. हलव, श्वास पूर्ण बाहेर सोड, ओठ घट्ट, हळू ओढत ओढत दाब, मग दहापर्यंत मोज. दुसऱ्या पफला अर्धा-एक मिनिट थांब. फोराकॉर्टनंतर चूळ भर आणि थुंक, नाहीतर जिभेवर पांढरं येतं आणि आवाज बसतो. आणि पंप संपला का बघायला पाण्यात टाकून बघू नकोस, मी वर्षानुवर्षं वाटीत तरंगवून बघायचे, ते चुकीचं आहे म्हणे, नुसता गॅस उरला तरी फसफस येते. ज्याला काउंटर नाही त्याच्यावर पेनने तारीख टाक.

परवा वाचत होते, हा पंप निघाला कसा. अमेरिकेत १९५५ साली एका औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी, तिला दमा, तेव्हा काचेचं रबरी फुग्याचं यंत्र असायचं, नाजूक, सारखं फुटायचं. ती बापाला म्हणाली, केसांवर मारायचा स्प्रे डब्यात मिळतो मग माझं औषध तसं का नाही? बापाने मनावर घेतलं आणि १९५६ ला पहिला पंप बाजारात. वाचून वाटलं, ती पोर बापाशी भांडली, आणि माझ्या पोराला मी पदराआड घेतलं.

दिल्लीचं काय सांगू, मुखर्जीनगरची हवा तू खातोयस. इथे टीव्हीवर एक्यूआय चारशेच्या वर दाखवतात, सिव्हियर, आणि पप्पा तेवढ्यापुरता आवाज कमी करतात. त्या दिवसांत सकाळी पळायला जाऊ नकोस, बाहेर एन-९५ लाव, रुमाल नाही, आणि रूममेटला सांग उदबत्ती नको. उशीचे अभ्रे गरम पाण्यात. बस, एवढंच, यादी करत बसले तर तू स्क्रोल करशील.

पण हे नीट वाच. दम लागला तर निळा, स्पेसरमधून, एकेक करून चार पफ, चार मिनिटं थांब, नाही उतरलं तर परत चार. तरीही वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तासाभरात परत लागत असेल तर ११२ ला फोन कर, आणि गाडी येईपर्यंत पफ चालू ठेव. (तुझ्या काउंटरवर पण तोच आकडा, बघ.) बेसिनपाशी एकटा जाऊन बसू नकोस, खोलीतच थांब, कुणालातरी उठव. युनिव्हर्सिटीजवळ पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे, छातीचंच हॉस्पिटल, तुझ्यापासून जवळ. ह्या आठवड्यात तिथे ओपीडीत जाऊन ये, अ‍ॅटॅक नसताना. आता म्हणे फोराकॉर्टसारखा एकच पंप रोजचा आणि गरजेचा दोन्हीला देतात काहींना, तुला चालेल का ते विचार, म्हणजे दोन-दोन सांभाळायला नकोत. निळा मात्र स्वतःच्या मनाने टाकून देऊ नकोस.

रूममेटला मी काल फोन केला. रागव हवं तर. त्याला सांगितलं ह्याला दमा आहे, दमाच म्हणाले, सर्दी नाही, पंप सॅकच्या पुढच्या कप्प्यात असतो आणि स्पेसर कसा लावायचा ते तू त्याला दाखवशील. तो म्हणाला, आंटी मला माहीत आहे, माझ्या बहिणीला पण आहे.

पार्सल निघालंय. स्पेसर, फोराकॉर्टचा नवा पंप, मेतकूट, आणि चकल्या वेगळ्या डब्यात, मेतकुटाचा वास लागतो म्हणून. स्पेसर आधी साबणाच्या पाण्यात बुडवून काढ आणि तसाच निथळू दे, फडक्याने पुसू नकोस, पुसला की औषध आतल्या भिंतीला चिकटतं. आजी म्हणते त्याला सांग माझं मशीन सकाळी आठला आणि रात्री आठला, त्याने पण त्याच वेळेला घ्यावं, दोघं मिळून घेऊ. तेव्हा आठ वाजता व्हिडिओ कॉल लाव, पण बोलायला जाऊ नकोस तेवढा वेळ, मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू येत नाही. नुसता काउंटर कॅमेऱ्यासमोर धर.

आई