ताई, तो कागद अजून माझ्याकडे आहे

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही खराडीच्या नव्या नोकरीवर रुजू झालात त्याला महिना होत आला. निरोपाच्या दिवशी घाईत नुसतं 'थँक्यू' म्हणालो, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

तुम्ही टीममध्ये येण्याआधी रोज संध्याकाळी, जेन्किन्सवर (आमचा कोड आपोआप जोडून तपासणारं सॉफ्टवेअर) बिल्ड, म्हणजे कोडची तयार आवृत्ती, पास झालं की मी जिरातलं (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) एकेक तिकीट, म्हणजे एकेका कामाची नोंद, उघडून 'हा बदल अमुक बिल्डमध्ये आला' असं हाताने लिहीत बसायचो. हिंजवडीहून सुटणारी साडेसहाची बस हमखास चुकायची. एकदा २१३ च्या जागी २१२ लिहिलं आणि टेस्टिंगच्या मुलीचा अख्खा दिवस जुन्या बिल्डवर वाया गेला. ती काही बोलली नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

मग हे काम आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहिली. कमिट मेसेजमधून, म्हणजे कोडमधला बदल साठवताना लिहितो त्या टिपेतून, तिकीट नंबर उचलायचा आणि जिराच्या रेस्ट एपीआयने, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून, कॉमेंट टाकायची. चालली, पण काही तिकिटं कोरीच राहायची. कारण सापडेना. तुम्ही उघडलेला डबा तसाच ठेवून शेजारी येऊन बसलात आणि कागदावर तीन चौकोन काढलेत: पास, फेल, पास. मधल्यावर पेन टेकवून म्हणालात, "तिसऱ्याच्या यादीत जेन्किन्स फक्त दुसऱ्यानंतरचे बदल देतं. मग दुसऱ्यात आलेली तिकिटं कोण सांगणार?" शेवटचं यशस्वी बिल्ड कोणत्या कमिटवर झालं ते जेन्किन्सचं गिट प्लगइन एका व्हेरिएबलमध्ये देतंच, तिथपासून आजपर्यंतचा गिट लॉग, म्हणजे बदलांची यादी, घ्यायचा, एवढंच करायचं होतं. मी त्यात आठवडा घालवला होता.

मेसेजमध्ये कुणी अवतरणचिन्ह टाकलं की जेसन, म्हणजे जिराला पाठवायच्या मजकुराची ठरलेली रचना, मोडायचं आणि जिरा ४०० (चुकीची विनंती) परत द्यायचं, तेही तुम्हीच जेक्यू हे जेसन नीट बनवणारं साधन वापरायला लावून सोडवलंत. स्क्रिप्टमध्ये उघडं पडलेलं टोकन, म्हणजे जिराची गुप्त किल्ली, जेन्किन्सच्या क्रेडेन्शियल्स या सुरक्षित कप्प्यात हलवलंत, तेही चारचौघांत न बोलता.

पण खरे उपकार वेगळेच. फेल झालेल्या बिल्डचीही कॉमेंट टाकायचा माझा हट्ट होता. तुम्ही टाकू दिली नाहीत. "प्रत्येक कॉमेंटमागे तिकिटावर लक्ष ठेवणाऱ्या वॉचर्सना मेल जातो. चार दिवसांत लोक वाचायचं सोडतील." तोवर मी वाचणाऱ्या माणसाचा विचारच केला नव्हता.

परवा टेस्टिंगच्या त्याच मुलीने विचारलं, "हल्ली तिकिटात बिल्ड नंबर इतका बरोबर कोण लिहितं?" मी तुमचं नाव सांगितलं.

आपला,
खिडकीजवळच्या डेस्कवरचा